फोटोतल्या आभाळात रेघा कुठून येतात?



मागच्या महिन्यात उत्तनच्या एका गटाच्या मासिक बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या. चहा यायच्या आधी एका ताईंनी फोन माझ्या हातात दिला. "मॅडम, हे बघा. याच्यापायी माझी ऑर्डर अडकलीय."

फोटो तसा छान होता. वलांडीवर जोडीजोडीने टांगलेले बोंबील, मागे समुद्र, वर संध्याकाळचं आभाळ. पण त्या आभाळात फिकट आडवे पट्टे दिसत होते, आणि सूर्यापासून निघालेली एक तिरकी, पांढुरकी रेघ. पुण्याच्या एका खरेदीदाराला त्यांनी हाच फोटो पाठवला होता. त्याचं उत्तर आलं की फोटो एडिट केलेला दिसतो, आभाळ मागून चिकटवलंय, माल खरंच तुमचा आहे का? ॲडव्हान्स थांबला. आगोटीच्या खरेदीचे दिवस, म्हणजे सुक्या मासळीला गिऱ्हाईक असायची हीच वेळ. ताई म्हणाल्या, "मला एडिट करता येतच नाही, तर मी करणार कशी?"

मलाही लगेच उत्तर देता आलं नाही. मी समाजकार्य शिकलेय, फोटोग्राफी नाही. पण त्या दिवशी ओट्यावर बसून आम्ही पाच-सहा फोन तपासले, नंतर मी थोडं वाचलं, जाणकारांना विचारलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते, कारण आता आपल्या बहुतेक गटांचा माल आधी फोटोत विकला जातो आणि मग पिशवीत भरला जातो.

पहिली गोष्ट, फोटो डिलीट करू नका आणि रेघ पुसायला कुठलं ॲपही वापरू नका. आधी रेघ नेमकी कुठे आहे ते शोधायचं. ती चार जागी असू शकते: फोनच्या काचेवर, पाठवलेल्या प्रतीत, कॅमेऱ्याच्या भिंगावर, नाहीतर खरोखरच आभाळात.

काचेचं सोपं आहे. फोटो उघडा, दोन बोटांनी मोठा करा आणि सरकवा. फोटो सरकला पण रेघ जागच्या जागी राहिली, तर ती स्क्रीनवरची आहे. टेम्पर्ड ग्लासला चरा असेल किंवा डिस्प्लेच बिघडला असेल. समोरच्याला ती रेघ दिसतच नाही. आमच्या तपासणीत एका मावशींच्या फोनचं हेच निघालं. दोन महिने त्या कॅमेऱ्याला दोष देत होत्या!

आता पट्ट्यांकडे येऊ. हे जरा नीट समजून घ्या, कारण ऑर्डर यानेच अडवली होती. नक्षीच्या साडीवर डाग पडला तर लपतो, एकरंगी साडीवर लांबून दिसतो. फोटोत आभाळ म्हणजे एकरंगी साडी. बोंबील, दोऱ्या, वाळू यांच्या गर्दीत जो दोष लपून जातो, तो आभाळात उघडा पडतो.

साध्या फोटोत लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या उजेडाला २५६ पायऱ्या असतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण संध्याकाळचं आभाळ वरून खाली अगदी हळूहळू बदलतं. समजा त्या सगळ्या बदलाला ४०च पायऱ्या लागल्या आणि फोटोत आभाळाची उंची १,६०० ठिपक्यांची आहे. म्हणजे एकेक पायरी ४० ठिपक्यांएवढी रुंद झाली. मूळ फोटोत बारीक रवाळपणा असतो, त्यामुळे पायऱ्यांच्या कडा एकमेकींत मिसळून जातात. आपण व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने फोटो पाठवतो तेव्हा तो लवकर जावा म्हणून लहान केला जातो, दाबला जातो. त्यात हा रवाळपणा पुसला जातो आणि पायऱ्या उघड्या पडतात. तेच आडवे पट्टे. कोणी काही चिकटवलेलं नसतं.

ताईंच्या गॅलरीतला मूळ फोटो आम्ही उघडला. तिथे आभाळ स्वच्छ! पाठवलेल्या प्रतीत पट्टे. मूळ फोटो तीन एमबीच्या वर होता, पाठवलेला तीनशे केबीसुद्धा नव्हता. तुम्हीही दोन्ही शेजारी ठेवून बघा.

यावर उपाय असा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना वर एचडी असं चिन्ह येतं, ते दाबा. त्यातही फोटो थोडा दाबला जातो, पण कमी. आणि फोटो जसाच्या तसा जायला हवा असेल, तर पिनच्या चिन्हावर जाऊन डॉक्युमेंट निवडा आणि तिथून फोटो जोडा. डेटा जास्त लागतो, म्हणून रोजच्या शुभ सकाळला हे करत बसू नका. गिऱ्हाइकाला पाठवायच्या दोन-चार फोटोंना करा. आणखी एक सवय सोडायला हवी. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो सेव्ह करून आपण तोच पुढे पाठवतो, पुढची ताई तो आणखी पुढे पाठवते. असं दाबून दाबून फोटोचा चोथा होतो. रंग भडक करणारे फिल्टरही या पायऱ्या ताणतात, पट्टे आणखी ठळक होतात.

पट्ट्यांचा उलगडा झाला, पण तिरकी पांढरी रेघ मूळ फोटोतही होती. म्हणजे ती पाठवताना आलेली नव्हती. यासाठी एक परीक्षा आहे, फार कामाची. त्याच जागी उभं राहून एक फोटो नेहमीसारखा काढा आणि दुसरा फोन उलटा धरून, म्हणजे वरची बाजू खाली करून. दुसऱ्या फोटोत रेघ बाजू बदलून आली तर ती फोनसोबत फिरतेय, दोष कॅमेऱ्यात आहे. रेघ त्याच ढगाजवळ, त्याच माडाजवळ राहिली, तर ती आभाळातलीच.

मात्र रेघ सूर्यापासून किंवा दिव्यापासून निघत असेल तर आधी भिंग पुसा. मासळीचं काम करताना हाताला तेलकटपणा असतो, त्यात खाऱ्या वाऱ्याचा थर. बोट भिंगावर एका दिशेने फिरलं की चिकटपणाच्या बारीक बारीक सऱ्या तयार होतात. त्यावर उजेड पडला की तो सऱ्यांना आडवा पसरतो. बोट वरून खाली फिरवलं असेल तर रेघ आडवी येते, आडवं फिरवलं असेल तर उभी. आमचा विश्वास बसेना, म्हणून ओट्यावरच करून पाहिलं. खरंच रेघ फिरली. बायकांना इतकी मजा वाटली की चहा गार झाला.

पुसायचं कसं? आधी फुंकर मारून वाळूचे कण उडवा, नाहीतर पुसतानाच चरे पडतील. मग धुतलेलं मऊ सुती कापड किंचित ओलं करून गोल गोल फिरवा आणि कोरड्या कोपऱ्याने पुन्हा पुसा. पदराने पुसू नका, त्यात मीठ आणि वाळू असते. दुकानदाराने कॅमेऱ्यावर वेगळी काच चिकटवली असेल तर तिच्यावरच चरे असायची शक्यता मोठी. ती काढून एक फोटो घेऊन बघा. पुसूनही प्रत्येक फोटोत, अगदी पांढऱ्या भिंतीच्या फोटोतही, त्याच जागी रेघ येत असेल, तर दुरुस्तीवाल्याकडेच जावं लागेल.

आपल्याकडे अजून एक अडचण आहे, ती दिशेची. उत्तन, पाली, चौकला समुद्र पश्चिमेला. काम आटोपून आपण फोटो काढतो पाच-साडेपाचला, समुद्राकडे तोंड करून, म्हणजे थेट सूर्यात. भिंग थोडं जरी मळलेलं असलं तरी तेव्हा रेघ येणारच, आणि पुढचे बोंबील काळे दिसणार. त्याच वलांडीचा फोटो सकाळी आठ-नऊला काढा. सूर्य पाठीशी असतो, समुद्र मागे तसाच दिसतो आणि मालाचा रंग खरा येतो.

आणि कधी कधी रेघ खरीच असते. विमान खूप उंचावरून, आठ-दहा किलोमीटरवरून जातं तेव्हा धुरातल्या वाफेचे बर्फाचे कण होऊन मागे पांढरी ओळ राहते. मुंबई विमानतळावर उतरणारी विमानं आपल्याला खाली, मोठी दिसतात, त्यांच्यामागे सहसा अशी ओळ राहत नाही. पिसासारखे विरळ तंतुमेघ असतात. ढगाआडून फाकलेली किरणं असतात. विजेची तार तर अर्ध्या फोटोंत असतेच. त्याचं काही करायचं नाही. उलट असं आभाळ म्हणजे फोटो तिथलाच, त्या दिवसाचाच असल्याची खूण.

मूळ फोटो जपण्याचं मी सारखं सांगते ते फक्त ऑर्डरसाठी नाही. अवकाळी पाऊस येतो आणि वलांडीवरचा माल एका रात्रीत सडतो, तेव्हा पंचनाम्याच्या वेळी आपण फोटो दाखवतो. मूळ फोटोत तारीख आणि वेळ आत नोंदलेली असते, लोकेशन चालू असेल तर जागाही. गूगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की हे सगळं दिसतं. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या प्रतीत ही नोंद राहत नाही. आणि रेघ पुसायला एखादं ॲप वापरलं, तर "फोटोला हात लावलाय का?" या प्रश्नाला आपल्याला हो म्हणावं लागतं. आभाळात चार रेघा असलेला खरा फोटो त्यापेक्षा बरा.

त्या ताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग पुसून नवीन फोटो काढले, वलांडीभोवती फिरत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतला आणि जुना मूळ फोटोही डॉक्युमेंट करून पाठवला. चार दिवसांनी ॲडव्हान्स आला. मधल्या काळात खरेदीदाराने थोडा माल दुसरीकडून उचलला होता, त्यामुळे ऑर्डर ठरल्यापेक्षा कमी झाली. उरलेले बोंबील ताईंनी भाईंदरच्या बाजारात बसून विकले.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने मालाचा एक मूळ फोटो आणि तोच व्हॉट्सॲपवर पाठवलेला, असे दोन्ही फोनमध्ये ठेवा. सोबत एक मऊ सुती फडकंही आणा.