शिदोरी आणि खाणावळ

संगणकावर चालणारी एखादी आज्ञावली एकाच माणसाने पहिल्या ओळीपासून अखेरच्या ओळीपर्यंत स्वतः लिहिलेली असते, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. आज्ञावली पत्रे लिहिण्याची असो, छायाचित्रे दाखविण्याची असो की बँकेच्या हिशेबाची असो, तिच्यातील बरेचसे काम इतरांनी पूर्वीच लिहून ठेविलेल्या तयार भागांवर सोपविलेले असते. मजकूर दाबून लहान करणे, तो गुप्त लिपीत घालणे, पडद्यावर अक्षरे मांडणे, ही कामे प्रत्येकाने नव्याने करीत बसण्याचे कारण नाही. अशा तयार भागांच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात. श्रोतेहो, या लायब्रऱ्या आज्ञावलीला जोडण्याच्या दोन रीती आहेत. आज्ञावली बांधून लोकांच्या हाती देणाऱ्याने त्यांपैकी कोणती रीत केव्हा पत्करावी, याचा आज आपण विचार करू.

पहिली रीत स्थिर जोडणीची. हिलाच स्टॅटिक म्हणतात. आज्ञावली तयार होत असतानाच लिंकर नावाचे साधन लायब्ररीतील लागतील तेवढे भाग उचलते आणि त्यांची नक्कल आज्ञावलीच्या पोटात घालते. त्यानंतर आज्ञावलीला मूळ लायब्ररीची गरज उरत नाही. दुसरी रीत सामाईक, म्हणजे शेअर्ड, जोडणीची. तीत अशी नक्कल होत नाही. ‘मला अमुक लायब्ररी लागेल’ एवढी चिठ्ठी मात्र आज्ञावलीत राहते. आज्ञावली चालू होते त्या वेळी लोडर ही चिठ्ठी वाचतो, संगणकावर असलेली लायब्ररी शोधून काढतो आणि दोघींची गाठ घालून देतो. दहा आज्ञावल्यांना तीच लायब्ररी लागत असेल, तर एकच प्रत दहाजणींच्या उपयोगी पडते. प्रवासाला निघणाऱ्याने घरून शिदोरी बांधून घ्यावी की वाटेवरच्या खाणावळीवर विसंबावे, अशासारखाच हा प्रश्न आहे.

चालू होताना जोडणी करण्याची कल्पना १९६० नंतरच्या दशकात मल्टिक्स या प्रणालीत साकार झाली. युनिक्सच्या परिवारात ती रुजावयास वेळ लागला; सन कंपनीच्या सनओएस ४.० या आवृत्तीत ती १९८८ साली आली. त्या काळी संगणकाची स्मृती महाग होती आणि पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या लायब्रऱ्या अवजड होत्या. प्रत्येक आज्ञावलीत त्यांची नक्कल घालणे परवडण्याजोगे नव्हते. आज डिस्क आणि स्मृती दोन्ही स्वस्त झाल्या आहेत. तेव्हा सामाईक जोडणीचे कारणच संपले, असे काही जण म्हणतात. परंतु जागेची बचत हा या प्रश्नाचा गाभा नव्हे. लायब्ररीत दोष सापडला तर तो दूर करण्याची जबाबदारी कोणाची, आणि ती दुरुस्ती किती ठिकाणी पोहोचवावयाची, हा खरा गाभा होय.

एक घडलेले उदाहरण पाहू. ज्याँ-लू गेली आणि मार्क अ‍ॅडलर यांनी लिहिलेली झेडलिब ही मजकूर दाबून लहान करणारी लायब्ररी १९९५ पासून जगभर वापरात आहे. मार्च २००२ मध्ये तिच्यात एक दोष उघडकीस आला. एकदा मोकळी करून परत दिलेली स्मृती काही प्रसंगी ती पुन्हा एकदा मोकळी करी. मुद्दाम बिघडविलेला मजकूर देऊन आज्ञावली बंद पाडणे त्यामुळे शक्य होते. परक्याने तिच्यावर ताबा मिळविण्याचीही भीती होती. दुरुस्त केलेली १.१.४ ही आवृत्ती लगेच निघाली. ज्या आज्ञावल्या सामाईक झेडलिबवर चालत होत्या, त्यांच्यापुरते एक पॅकेज बदलले की काम झाले. पण लिनक्सचा गाभा, आरसिंक, सीव्हीएस अशा अनेकांनी झेडलिबची नक्कल आपल्या पोटात घातलेली होती. त्या प्रत्येकीचा शोध घ्यावा लागला आणि प्रत्येक नव्याने बांधून वाटावी लागली. दोष एकच होता, परंतु तो कोठकोठे दडला आहे हे ठरविणे हेच मोठे काम होऊन बसले.

७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीतील हार्टब्लीड नावाचा दोष जाहीर झाला, तेव्हाही सामाईक जोडणीचा लाभ दिसून आला. लिनक्सच्या वितरणांनी एक लायब्ररी बदलून दिली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व आज्ञावल्यांना ती दुरुस्ती मिळाली. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. आधीपासून चालू असलेली आज्ञावली जुनीच प्रत धरून बसलेली असते. ती बंद करून पुन्हा चालू केल्यावाचून नवी लायब्ररी तिच्या कामी येत नाही.

आपल्या लिपीच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील ऱ्य किंवा ‘लक्ष्मी’ या शब्दातील जोडाक्षर पडद्यावर योग्य रीतीने उमटावे, याची व्यवस्था अनेक आज्ञावल्यांत हार्फबझ नावाची लायब्ररी करते. तिच्यात एखादे जोडाक्षर चुकीचे मांडले जात असेल आणि तो दोष दूर झाला, तर सामाईक प्रत वापरणाऱ्या सर्व आज्ञावल्यांत मराठी एकदमच सुधारते. ज्यांनी आपली निराळी प्रत बाळगली आहे, त्यांच्यात मात्र त्यांच्या कर्त्याला सवड होईपर्यंत ते अक्षर तसेच फुटके राहते.

एवढ्यावरून सामाईक जोडणी सर्वस्वी निर्दोष आहे, असे मानू नये. खाणावळीतला आचारी बदलला की सर्वांच्या पानातली चव बदलते. जीलिबसी या लिनक्सवरील मूळ लायब्ररीत स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरविण्याचे एक काम आहे. जुनी व नवी जागा एकमेकींवर येत असतील, तर ते वापरू नये असा सी भाषेचा नियम आहे. २०१० साली हे काम अधिक वेगाने व्हावे म्हणून त्याची रीत बदलली गेली. फ्लॅश प्लेअरने तो नियम पाळलेला नव्हता; आजवर निभावून गेले होते एवढेच. नव्या लायब्ररीसह आलेल्या फेडोरा १४ वर त्याचा आवाज बिघडला. नियमाच्या दृष्टीने चूक फ्लॅशची होती, परंतु ऐकणाऱ्याच्या दृष्टीने काल चालणारी वस्तू आज मोडली होती.

असे होऊ नये म्हणून सामाईक लायब्ररीच्या नावातच एक क्रमांक घालण्याची पद्धत आहे. हा क्रमांक म्हणजे एक करार असतो. तो तोच आहे तोवर जुन्या आज्ञावल्या नव्या प्रतीवर चालल्या पाहिजेत. तसे करणे शक्य नसेल, तर क्रमांक बदलला पाहिजे. मग जुनी व नवी अशा दोन्ही प्रती शेजारी शेजारी नांदू शकतात. ज्या लायब्ररीचा कर्ता हा करार पाळीत नाही, तिच्यावर सामाईकपणे विसंबणे धोक्याचे होय.

याहून गंभीर प्रसंग २०२४ साली घडला. एक्सझेड या दाबणी करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुपुरस्सर चोरवाट ठेविली होती. दूरच्या संगणकात प्रवेश देणारी एसएसएचडी ही आज्ञावली स्वतः एक्सझेड वापरीत नाही. परंतु काही वितरणांनी तिला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती आणि त्या लायब्ररीला एक्सझेड जोडलेली होती. या साखळीतून चोरवाट थेट दाराशी पोहोचली. प्रवेशास अर्ध्या सेकंदाचा अधिक वेळ का लागतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड यांना ती सापडली आणि २९ मार्च रोजी त्यांनी ती जाहीर केली. ज्या सामाईक वाटेने विष पसरू शकते, त्याच वाटेने उतारही पोहोचतो, हेही खरे. एक पॅकेज मागे घेताच तो मार्ग बंद झाला. तथापि आपली आज्ञावली आडवाटेने कोणाकोणावर अवलंबून आहे, हे पाहणे किती अगत्याचे आहे, ते या प्रकरणाने दाखवून दिले.

मग निवड कशी करावी? डेबियन किंवा फेडोरा यांसारख्या वितरणाकरिता पॅकेज बांधणाऱ्याने सामाईक लायब्ररीच घ्यावी आणि मूळ कर्त्याने आत कोंबलेली नक्कल काढून टाकावी. अशा वितरणांचे धोरणही हेच आहे, कारण दुरुस्तीची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतलेली असते. गो आणि रस्ट या भाषांतील आज्ञावल्या बहुधा स्थिर जोडणीच्या असतात. त्या वारंवार नव्याने बांधणे आपल्या यंत्रणेस जड जाते, असा इशारा डेबियनने २०२१ आणि २०२३ च्या आवृत्त्यांबरोबर वापरणाऱ्यांना दिला होता.

स्थिर जोडणीलाही तिचे स्थान आहे. संगणकच बिघडला असताना जी साधने चालली पाहिजेत, ती स्वयंपूर्ण असावीत. फ्रीबीएसडीने नेहमीची मूळ साधने सामाईक जोडणीची केली, तेव्हा संकटकाळासाठी स्थिर जोडणीच्या साधनांची एक वेगळी पेटीही ठेविली. तद्वत, नाना प्रकारच्या अपरिचित संगणकांवर एकच फाइल पाठवावयाची असेल, तर शिदोरी बांधून देणे सोयीचे. मात्र जीलिबसी स्थिर रीतीने जोडली तरी नावांवरून पत्ते शोधण्यासारख्या कामांत तिला चालतेवेळी सामाईक भाग लागतातच. म्हणून अशा कामी पुष्कळ जण मसल ही लहान लायब्ररी वापरतात. परवान्याकडेही पाहिले पाहिजे. एलजीपीएल परवान्याची लायब्ररी बंदिस्त आज्ञावलीत स्थिर जोडली, तर ग्राहकास ती लायब्ररी बदलून पुन्हा जोडता येईल असे सुटे भाग देणे बंधनकारक ठरते.

सारांश, स्थिर जोडणी करणारा माणूस लायब्ररीबरोबर तिच्या भावी दोषांचीही जबाबदारी घेतो. त्याने आत कोणती लायब्ररी कोणत्या आवृत्तीची घातली, याची यादी ठेवावी. त्या लायब्रऱ्यांच्या दोषांच्या वार्ता येतात तेथे लक्ष ठेवावे. आणि दोष कळताच आज्ञावली पुन्हा बांधून ती घेतलेल्या प्रत्येकापर्यंत पोहोचविण्याची तयारी असावी. एवढे करण्याची ज्याची तयारी आहे, त्याने शिदोरी खुशाल बांधावी. ज्याची ती नाही, त्याने खाणावळीचा आश्रय घ्यावा. कारण आज बांधून दिलेली वस्तू दहा वर्षांनीही कोणीतरी वापरीत असेल, आणि आत काय आहे हे त्या माणसाला उघडून पाहता येणार नाही.