गाण्याची वाट, भाग ९ : तीन वर्षं थांबलेलं गाणं

१९९० साली मुंबईच्या 'रॉक मशीन' या बँडची दुसरी कॅसेट बाजारात आली, 'द सेकंड कमिंग'. तिच्यात 'प्रिटी चाइल्ड' नावाचं एक गाणं होतं. ज्यांनी कॅसेट विकत घेतली त्यांनी ते ऐकलं. ज्यांनी घेतली नाही त्यांना असं काही गाणं आहे याचा पत्ताही नव्हता, आणि देशात जवळजवळ सगळेच या दुसऱ्या प्रकारात मोडत होते. पुढे १९९३ साली याच गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा मान मिळाला. तोवर बँडनं आपलं नाव बदलून 'इंडस क्रीड' असं केलं होतं. गाणं मात्र तेच, चाल तीच, गाणाराही तोच. मधल्या काळात फक्त घराघरांतल्या टीव्हीला एक नवी वायर जोडली गेली होती.

या लेखमालेत आपण गाणी ऐकणाऱ्यापर्यंत कशी पोचतात ते बघतो आहोत. मागच्या भागात कॅसेटचा धंदा पाहिला. या वेळी 'एका गाण्याचा बँड' हा प्रकार घेऊ. एकच शतक ठोकून संघाबाहेर गेलेल्या फलंदाजाबद्दल बोलावं तसं लोक अशा बँडबद्दल बोलतात: चांगला होता, पण टिकला नाही. या बोलण्यात सगळा हिशेब वाजवणाऱ्याच्या नावावर मांडला जातो. मला तो हिशेब चुकीचा वाटतो, आणि इंडस क्रीडची गोष्ट त्यासाठी फार सोयीची आहे.

रॉक मशीन १९८४ साली मुंबईत उभा राहिला. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस. कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि गायक उदय बेनेगल थोडे नंतर आले, आणि मग उदयच बँडचा चेहरा झाला. त्या काळात मुंबईत रॉक वाजवणं म्हणजे परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवून दाखवणं. डीप पर्पलचं गाणं रेकॉर्डवर आहे तसंच्या तसं निघालं की वाहवा. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला, तिथेही बराच काळ तीच तऱ्हा. अशा गर्दीपुढे 'हे आमचं स्वतःचं गाणं' असं म्हणायला छाती लागते, कारण ते सुरू झालं की अर्धे लोक वडापाव आणायला उठतात. रॉक मशीननं १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' ही स्वतःच्या गाण्यांची कॅसेटच काढली. भारतीय रॉकच्या इतिहासात 'प्रिटी चाइल्ड'पेक्षा मोठी घटना ही आहे, असं माझं मत. पण तिचा व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिला नाही, म्हणून ती कुणाला आठवत नाही.

आता ही कॅसेट आपल्या नागपूरच्या बर्डीवर कशी दिसायची ते बघा. सीताबर्डीच्या मेन रोडवर आणि मोदीच्या गल्ल्यांमध्ये कॅसेट विकणारे तेव्हा चांगला धंदा करत. समोर हिंदी सिनेमा, शेजारी भक्तिगीतं, मग मराठी भावगीतं आणि नाट्यगीतं, आणि एका कोपऱ्यात 'इंग्लिश'. त्या कोपऱ्यात बोनी एम, अ‍ॅबा, मायकल जॅक्सन. त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं असायचं: धरमपेठेतली, सिव्हिल लाइन्समधली, सदरमधली मुलं. आता मुंबईच्या मुलांनी इंग्रजीत गायलेली कॅसेट आली तर दुकानदारानं ती कुठे ठेवायची? इंग्लिशच्या कोपऱ्यात ठेवली तर गिऱ्हाईक म्हणणार, खरा माल दाखवा. देशी कप्प्यात ठेवली तर तिकडे इंग्रजी कोण विचारतो? धंद्याच्या दृष्टीनं अशा मालाला जागाच नव्हती. बरं, रेडिओ आणि दूरदर्शन दोन्ही सरकारी, त्यांच्या वेळापत्रकात भारतीय रॉकसाठी असायची ती चुकूनमाकून सापडलेली फट. म्हणजे इंग्रजीत गाणं हा या बँडचा मोठा तोटा होता. हे लक्षात ठेवा, कारण हाच तोटा पुढे काही काळ फायदा होऊन बसतो.

तो कसा, यासाठी थोडं आकाशाकडे जावं लागेल. १९८४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेनं चॅलेंजर यानातून 'वेस्टार ६' नावाचा उपग्रह सोडला. त्याची मोटर बिघडली आणि तो भलत्याच कक्षेत जाऊन निकामी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी तो चक्क हातांनी धरून परत आणला. डागडुजी झाली, मालक बदलला, आणि एप्रिल १९९० मध्ये चीनच्या अग्निबाणावरून तो 'एशियासॅट १' या नावानं पुन्हा वर गेला. ज्या वर्षी मुंबईत रॉक मशीन जमत होता, त्याच वर्षी त्याचं भविष्य अवकाशातून उचलून दुरुस्तीला आणलं गेलं, हा योगायोग एखाद्या कादंबरीत वाचला असता तर आपण लेखकाला हसलो असतो.

या उपग्रहावर हाँगकाँगच्या स्टार टीव्हीनं १९९१ मध्ये वाहिन्या सुरू केल्या. त्यातली एक एमटीव्ही. उपग्रहाचा झोत पूर्व आशियापासून अरब देशांपर्यंत पडत होता आणि भारत त्याच्या मधोमध होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आखाती युद्धानं भारतातल्या मोठ्या हॉटेलांच्या गच्चीवर सीएनएनसाठी छत्र्या लावल्या होत्याच. तोच धडा गिरवून गल्लीतल्या व्हिडिओवाल्या पोरांनी गच्चीवर भलीमोठी ताटली बसवली, खांबाखांबावरून, झाडाझाडांवरून वायरी ओढल्या आणि महिन्याच्या वर्गणीवर धंदा सुरू केला. परवाना नाही, कायदा नाही. केबलचा कायदा १९९५ साली आला. नागपुरातही हेच झालं. ज्या घरात आदल्या वर्षापर्यंत 'छायागीत'साठी लोक एकत्र बसत, तिथे अचानक रात्री दोन वाजतासुद्धा कुणीतरी गिटार बडवताना दिसू लागलं. आमच्या वाड्यात वडीलधाऱ्यांनी याला 'तो धिंगाणा' असं सुटसुटीत नाव ठेवलं होतं.

आता एमटीव्हीची अडचण बघा. प्रेक्षक तैवानचा, फिलिपिन्सचा, भारताचा, दुबईचा. या सगळ्यांना एकाच पडद्यासमोर बसवायचं तर भाषा इंग्रजीच. दिवसभर अमेरिकन आणि ब्रिटिश व्हिडिओ लावता येतात, पण आशियाची वाहिनी म्हणवायचं तर आशियातली माणसंही दिसायला हवीत. त्यांनी इंग्रजीत गायलं तर दुधात साखर. शिवाय व्हिडिओ तांत्रिकदृष्ट्या बरा हवा. या चाळणीतून भारतात किती बँड खाली उतरणार? फार थोडे. इंडस क्रीड त्यातला सगळ्यात तयार. बर्डीवरच्या दुकानात ज्या इंग्रजीमुळे त्यांना कप्पा मिळत नव्हता, तिनंच त्यांना अख्ख्या खंडाच्या पडद्यावर नेऊन बसवलं. 'प्रिटी चाइल्ड' वाजत राहिलं, पुरस्कार मिळाला, आणि मेटलचे टीशर्ट घालणाऱ्या नागपूरच्या कॉलेजातल्या पोरांनाही महेश तिनईकर हे नाव माहीत झालं. टीव्हीवर लांब केसांनी गिटार वाजवणाऱ्याचं आडनाव असं घरच्यासारखं असू शकतं, याचं आम्हाला फार अप्रूप होतं.

नाव बदलण्याबद्दल दोन शब्द. 'रॉक मशीन' हे नाव ऐंशीच्या दशकातल्या हार्ड रॉकचं आहे. त्यात चामड्याचं जाकीट ऐकू येतं. १९९१ मध्ये निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला आणि जगभर ते जाकीट जुनं झालं. 'इंडस'मध्ये सिंधू आहे, म्हणजे आम्ही कुठले ते सांगितलेलं आहे. जगाच्या पडद्यावर दिसणाऱ्या बँडला हे शोभणारं होतं. घरच्या बाजाराला मात्र दोन्ही नावं सारखीच परकी.

ही वाट फार तर तीन वर्षं उघडी राहिली. १९९२ च्या ऑक्टोबरात त्याच उपग्रहावरून झी टीव्ही सुरू झाला आणि हिंदीला किती प्रेक्षक आहे ते पहिल्या काही महिन्यांतच दिसलं. १९९३ मध्ये रूपर्ट मरडॉकच्या कंपनीनं स्टारचा मोठा हिस्सा घेतला. १९९४ मध्ये एमटीव्ही आणि स्टार वेगळे झाले, स्टारनं त्या जागी चॅनल व्ही आणला. एमटीव्ही १९९६ साली भारतात वेगळी वाहिनी म्हणून परतली. या दोघांच्या चढाओढीत जाहिरातदार एकच प्रश्न विचारत होता: हिंदी किती दाखवता? १९९५ साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, पाठोपाठ लकी अली, कलोनियल कझिन्स. इंडीपॉप नावाचा नवा कप्पा तयार झाला आणि तो बर्डीवरच्या दुकानांतही लगेच ठळकपणे मांडला गेला. इंडस क्रीडचा त्याच नावाचा अल्बमही १९९५ चाच. 'ट्रॅप्ड'सारखी गाणी त्यात होती, आधीच्या हार्ड रॉकपासून ते बरेच लांब आले होते, आणि माझ्या कानाला तो अल्बम 'प्रिटी चाइल्ड'पेक्षा कितीतरी पक्व वाटतो. पण इंग्रजीचा फायदा पुन्हा तोटा झाला होता. आणि या खेपेला वाईट अधिक वाटतं, कारण एकदा दार उघडलेलं त्यांनी पाहिलं होतं.

बँड एकाच गाण्यावर ओळखला जाणं अमेरिकेत झालंच नाही का? झालं. ब्लाइंड मेलन नावाच्या बँडचा पहिला अल्बम १९९२ मध्ये आला, फारशी हालचाल नाही. १९९३ मध्ये त्यातल्या 'नो रेन'चा व्हिडिओ निघाला. मधमाशीचा वेष केलेली एक गुबगुबीत चष्मेवाली मुलगी त्यात नाचते. एमटीव्हीनं तो धरून ठेवला आणि अल्बम अचानक उचलला गेला. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, गायक शॅनन हून दौऱ्यावरच्या बसमध्ये मरण पावला. आज त्या बँडचं नाव काढलं की लोकांना ती मधमाशी आठवते. दुसरीकडे रेडिओहेड. त्यांचं 'क्रीप' १९९२ मध्ये इंग्लंडात आपटलं होतं. इस्रायलच्या रेडिओवर एका निवेदकानं ते लावून धरलं, तिथे ते गाजलं, मग अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांनी उचललं, आणि १९९३ मध्ये पुन्हा काढल्यावर ते खुद्द इंग्लंडच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. काही वर्षं रेडिओहेडलाही लोक एका गाण्याचाच बँड समजत होते.

पण या दोघांपाशी असं काही होतं जे इंडस क्रीडपाशी नव्हतं: टीव्ही बंद झाल्यावरही चालू राहणारी वाट. अमेरिकेत कॉलेजांची स्वतःची रेडिओ केंद्रं होती. पर्यायी रॉक म्हणून जे ओळखलं जातं ते तिथेच वाढलं, आणि १९८८ पासून 'बिलबोर्ड' साप्ताहिक त्याची वेगळी यादी छापू लागलं. शिवाय गावोगावी दोन-तीनशे माणसांचे क्लब. व्हॅनमध्ये सामान टाकायचं, आज या गावात, उद्या पुढच्या. गाणं गाजो न गाजो, वाजवणं थांबत नाही, आणि वाजवत राहिल्याशिवाय दुसरं गाणं गाजण्याची शक्यताही उरत नाही.

मुंबईहून निघालेल्या बँडला पुढचं गाव कोणतं? पुणे. मग? नागपूर रेल्वेनं आठशेहून अधिक किलोमीटर. विदर्भ एक्स्प्रेसच्या डब्यात ड्रमसेट, अ‍ॅम्प्लिफायर आणि कीबोर्ड चढवायचे, रात्रभर त्यांच्यावर नजर ठेवायची, सकाळी स्टेशनवर हमालाशी घासाघीस. इथे आल्यावर क्लब नाही. कॉलेजचं गॅदरिंग असेल तर मंडपवाल्याचा साउंड, जो लग्नातल्या ऑर्केस्ट्राला पुरतो; त्याला बेस गिटारची वायर कुठे खुपसायची तेही शिकवावं लागणार. या शहरात ऑर्केस्ट्रांची परंपरा चांगली होती, रफी-किशोरची गाणी चोख वाजवणारे वादक होते. पण तिकीट काढून अनोळखी गाणी ऐकायची, ही सवय त्यातून लागत नाही. आणि अशा दौऱ्याची खबर देणारं छापील काही? 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक १९९३ मध्ये निघालं, तेही मुंबई-दिल्लीतून नाही, अलाहाबादहून! त्या मासिकाच्या पत्रांच्या पानावरून कळायचं की आपल्यासारखी पोरं गुवाहाटीत, शिलाँगला, भोपाळलाही आहेत. फक्त प्रत्येक गावात इतकी थोडी, की एका बँडचा रेल्वेखर्चही सुटू नये.

१९९७ मध्ये इंडस क्रीड थांबला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' नावाचा बँड केला. पुढे उदय परतला, महेश तिनईकरसोबत 'व्हर्लिंग कलापास' या नावानं साध्या, बिनविजेच्या गिटारी घेऊन वाजवू लागला. २०१० मध्ये उदय, महेश आणि झुबिन यांनी इंडस क्रीड पुन्हा उभा केला. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे दोन तरुण आले. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम निघाला. त्याचं मिक्सिंग टिम पामरनं केलं, ज्यानं पूर्वी पर्ल जॅमचा 'टेन' मिक्स केला होता. त्याच सुमारास पुण्यात 'एनएच७ वीकेंडर' सुरू झाला होता, स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांसाठी तिकीट काढून येणारी हजारो मुलं तिथे होती, आणि गाणं ऐकायला कॅसेटच्या दुकानाची गरज उरली नव्हती. 'इव्हॉल्व्ह' माझ्या मते त्यांचं सर्वांत चांगलं काम आहे. त्यातलं एकही गाणं 'प्रिटी चाइल्ड'सारखं गाजलं नाही. आता सगळ्यांसाठी वाटा होत्या, पण सगळे एका वेळी ज्याच्यासमोर बसतात असा पडदा कुठेच नव्हता. ज्याला हवं त्याला अल्बम मिळत होता, आणि हवं असण्यासाठी आधी नाव माहीत असावं लागत होतं. नाव माहीत होतं ते १९९३ मध्ये केबल असलेल्या माणसांना. कार्यक्रमात तीच माणसं, आता पोटं सुटलेली, शेवटी 'प्रिटी चाइल्ड'ची फर्माईश करत.

पुढच्या भागात रंगभवनाकडे जाऊ. शेजारी कॉलेज आणि रुग्णालयं असलेलं ते खुलं नाट्यगृह ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी कसं गप्प झालं, आणि त्याचा मुंबईबाहेरच्या बँडवर काय परिणाम झाला, ते पाहू.