इंटरनेट फोनचा ठावठिकाणा

पुणे-सातारा रस्त्यालगत कात्रजच्या चौकाभोवती मालवाहतूकदारांच्या, दवाखान्यांच्या आणि शिकवणी वर्गांच्या ज्या लहान कचेऱ्या आहेत, त्यांपैकी ज्यांनी तांब्याच्या तारेवरील दूरध्वनी सोडून इंटरनेटवरून बोलणारा फोन मेजावर आणला, त्यांना एक चमत्कारिक अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. घंटा वाजते, फोन उचलला जातो, आपले बोलणे पलीकडे स्वच्छ पोहोचते, आणि तरीही पलीकडचा एकही शब्द कानी पडत नाही. किंवा संभाषण सुरळीत चालले असता अर्ध्या मिनिटाने अकस्मात तुटते. अशा वेळी दोष यंत्राच्या माथी मारला जातो, दुसरे यंत्र मागविले जाते आणि तेही पहिल्यासारखेच वागते. कारण हा बिघाड बहुधा यंत्रात नसून पत्त्याच्या व्यवस्थेत असतो.

इंटरनेटच्या अद्याप प्रचलित असलेल्या चौथ्या आवृत्तीत पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. एवढ्यावर जगाचे भागणार नाही हे ओळखून १९९४ साली 'नॅट' ही पत्ता बदलून देण्याची पद्धत मांडली गेली. तसेच १० ने, १७२.१६ ते १७२.३१ ने आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले व १९९६ साली ती तजवीज कायम झाली. म्हणून कचेरीतील प्रत्येक यंत्रास आतला खाजगी पत्ता असतो, आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार करताना राउटर त्या सर्वांच्या वतीने आपला एकच सार्वजनिक पत्ता पुढे करतो.

संकेतस्थळ पाहण्यास ही व्यवस्था पुरते. फोनची गोष्ट निराळी आहे. १९९९ साली निश्चित झालेल्या व २००२ साली सुधारलेल्या 'सिप' या संकेतपद्धतीनुसार फोन आपल्या निरोपाच्या मजकुरातच 'माझ्याकडे आवाज अमुक पत्त्यावर पाठवा' असे लिहितो. त्यास ठाऊक असतो तो केवळ खाजगी पत्ता. राउटर निरोपावरचा पत्ता बदलतो, आतला मजकूर मात्र तसाच राहतो, आणि पलीकडून निघालेला आवाज कचेरीच्या दारापर्यंतही पोहोचत नाही. अर्ध्या मिनिटाने तुटणाऱ्या संभाषणाचे कारणही बहुधा याच जातीचे असते: फोन उचलल्याची पोच वाट चुकली, म्हणजे तिची प्रतीक्षा करणारे यंत्र नियमाप्रमाणे ३२ सेकंदांनी संभाषण बंद करते.

उपाय करण्यापूर्वी तपास क्रमाने झाला पाहिजे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जो बांधीव नळ नेण्यात आला, त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. पाणी कोठवर आले हे तेथे उतरून पाहता येई आणि सबंध नळ उकरण्याची गरज पडत नसे. आपल्या तपासातही असेच टप्पे आहेत.

प्रथम फोनच्या पडद्यावरील पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या 'डीएचसीपी' सेवेपर्यंत फोन पोहोचलेलाच नाही. तेव्हा केबल, स्विच आणि फोनसाठी वेगळे जाळे असल्यास त्याची नेमणूक तपासावी. फोन मधूनमधूनच बंद पडत असेल, तर एकच पत्ता दोन यंत्रांकडे गेला नाही ना, याची खातरजमा करावी; हाताने दिलेला पत्ता सेवेच्या वाटपात आला, की हा प्रसंग ओढवतो. कचेरीतल्या कचेरीत बोलणे होते पण बाहेर होत नाही, असे असेल तर गेटवेचा पत्ता पाहावा. बाहेर फोन लागतो पण काही वेळाने येणारे फोन थांबतात, तेव्हा राउटरने स्वस्थ पडलेली वाट मिटविलेली असते. फोनने नोंदणीचे नूतनीकरण अधिक वेळा करावे, अशी योजना करावी.

आवाज एकाच बाजूने येत असेल, तर राउटरमधील 'सिप एएलजी' ही सोय बंद करून पाहावी. ती निरोपाचा मजकूर दुरुस्त करण्यास धजते आणि अनेकदा तो अर्धवट बदलते. फोनला स्वतःचा बाहेरचा पत्ता विचारून घेता यावा म्हणून २००३ साली 'स्टन' ही रीत निघाली. सेवा देणाऱ्याने सांगितले असेल तरच ती लावावी, कारण दोन उपाय एकमेकांना मारक ठरतात. राउटरच्या बाहेरच्या अंगास १००.६४ ते १००.१२७ यांमधला पत्ता दिसला, तर पुरवठादाराकडे आणखी एकदा पत्ता बदलतो असे समजावे आणि त्याच्याकडे स्थिर सार्वजनिक पत्त्याची मागणी करावी. उतावीळपणे सर्व दारे बाहेरच्यांस खुली करणे मात्र सर्वथा वर्ज्य; असे उघडे फोन हुडकून दुसऱ्याच्या खर्चाने परदेशी बोलणारे लोक जगात सदैव जागे असतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पाहावा आणि तो लिहून ठेवावा. कोणत्या यंत्रास कोणता पत्ता, तो कोणी व केव्हा दिला, याची नोंदवही जमाखर्चाच्या वहीइतक्याच कसोशीने कचेरीने स्वतः बाळगावी. जोडणी करून गेलेल्या कारागिराच्या स्मरणावर ती सोडू नये. दवाखान्याचा फोन मुका राहतो तेव्हा पलीकडे कोणी आजारी माणूस ताटकळत असतो, आणि त्याला वेळेवर उत्तर देण्याची जबाबदारी कारागिराची नसून त्या दवाखान्याची असते.