गाण्याच्या क्लासची फी नेमकी कशाची?

पूर्वी गाणं शिकायचं तर उस्तादांची मर्जी सांभाळावी लागे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि फी, अभ्यासक्रम, परीक्षा अशी वाट सर्वांना मोकळी केली. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारलं. आज गावोगावचे क्लास मुलांना मंडळाच्याच परीक्षांना बसवतात: प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि शेवटी अलंकार. प्रारंभिक सोडली तर प्रत्येकीचे दोन टप्पे, प्रथम आणि पूर्ण.

या शिडीचा फायदा खरा आहे. मूल नियमित बसतं, ताल हातावर धरायला शिकतं. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, पुढे शिकवण्या करायच्या तर विशारद उपयोगी पडते. मैफलीत मात्र प्रमाणपत्र कुणी विचारत नाही. आकाशवाणीची श्रेणीसुद्धा ध्वनिचाचणीत गाऊनच मिळवावी लागते.

मग पैसे कशाचे? भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत स्वर तेच पाच: सा रे ग प ध. पुस्तकात एवढं वाचून दोन्ही राग सारखेच वाटतील. भूप संध्याकाळचा, गंधारावर विसावणारा. देशकार सकाळचा, त्याचा सगळा जीव धैवतावर आणि वरच्या अंगात. भूप गाताना विद्यार्थी धैवतावर जरा जास्त रेंगाळला की देशकाराची छाया पडते, आणि ती त्याची त्याला कळत नाही. गुरुजी तिथेच थांबवतात, स्वतः ती जागा गाऊन दाखवतात, पुन्हा म्हणवून घेतात. यूट्यूबवर उत्तम भूप फुकट ऐकायला मिळतो, तो जरूर ऐकावा. पण रेकॉर्डिंग आपलं गाणं ऐकत नाही. फी द्यायची ती या ऐकणाऱ्या कानाची.

म्हणून पंधरा मुलं एका सुरात बंदिश घोकतात, असा क्लास स्वस्त असला तरी महागच पडतो. परीक्षेपुरते ठरावीक आलाप-ताना पाठ करून घेणाऱ्या क्लासचंही तेच. अशा ठिकाणी विशारद झालेली, पण नवा राग स्वतःहून उलगडता न येणारी मुलं दिसतात, तेव्हा फार वाईट वाटतं. त्यांची वर्षं गेलेली असतात.

पैसे भरण्याआधी एक तास क्लासमध्ये बसा. प्रत्येक मूल एकटं गातं का, तानपुरा लावलेला असतो का, चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते का, एवढं पाहा. होत असेल, तर परवडेल तेवढी फी निःशंक द्या आणि परीक्षेचा फॉर्म गुरुजी म्हणतील तेव्हाच भरा.