जहाज अडकले, मालाचे काय?

नोव्हेंबर २०१३मध्ये लेबनॉनच्या बैरूत बंदरात 'रोसस' हे मालवाहू जहाज लागले. १९८६ साली जपानमध्ये बांधलेले, मोल्दोव्हाचा झेंडा लावलेले. पोटात २,७५० टन अमोनियम नायट्रेट. जॉर्जियातील बातुमी बंदरात भरलेला हा माल मोझांबिकच्या बेइरा बंदरात उतरवायचा होता. सुएझ कालव्याच्या टोलपुरते पैसे हाती यावेत म्हणून बैरूतला थोडी जड यंत्रे चढवायचे ठरले. ती डेकवर ठेवू लागताच हॅचची झाकणे वाकली. तपासणीत जहाज समुद्रात नेण्यालायक नाही असा शेरा पडला आणि 'रोसस' तिथेच अडकले.

अशा जहाजाचे पुढे काय करायचे याची एक रुळलेली पद्धत आहे. ती कशी चालते आणि बैरूतमध्ये कुठे अडली, ते क्रमाने पाहू.

तपासणी आणि जप्ती

जहाज कोणत्याही देशात नोंदलेले असो, ते ज्या बंदरात येते तिथल्या सरकारला ते तपासण्याचा हक्क असतो. याला 'पोर्ट स्टेट कंट्रोल' म्हणतात. निरीक्षक कागदपत्रे पाहतो, आगीचे पंप चालवायला लावतो, जीवरक्षक होड्या आणि हॅच तपासतो. दोष गंभीर असले तर दुरुस्ती होईपर्यंत जहाज रोखले जाते. एका बंदराने काढलेले दोष दुसऱ्यालाही कळावेत म्हणून देशांनी आपापसांत प्रादेशिक करार केले आहेत. हिंदी महासागरातील देशांच्या अशा कराराचे सचिवालय गोव्यात, वास्कोला आहे.

दुसरी अडवणूक न्यायालयाची. इंधनवाला, किराणा पुरवणारा, पगार थकलेला खलाशी असे कोणीही थेट जहाजावरच दावा लावू शकतो आणि न्यायालय जहाज जप्त करते. भारतात यासाठी २०१७चा सागरी दाव्यांचा कायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जप्तीचा हुकूम काढला की शेरीफच्या कार्यालयातर्फे तो जहाजावर बजावला जातो. मालकाने जामीन भरला तर जहाज सुटते. नाहीतर त्याचा लिलाव होतो, पैसे न्यायालयात जमा होतात आणि त्यातून देणी भागवली जातात. आपल्या कायद्यात त्या यादीत खलाशांचा पगार सर्वांत वर आहे.

गाडी अडते ती जहाजाच्या किमतीवर. जुन्या जहाजाची भंगाराची किंमत कर्जापेक्षा कमी भरली, की मालक फोन उचलणे बंद करतो आणि धनकोही हळूहळू हात काढून घेतात. 'रोसस'वर जप्तीचे हुकूम निघाले, पण मालकाने जहाज वाऱ्यावर सोडले आणि मालावर हक्क सांगायलाही कोणी पुढे आले नाही.

जहाजावरची माणसे

रोखलेले जहाज रिकामे ठेवता येत नाही. तळाशी झिरपणारे पाणी रोज उपसावे लागते, जनरेटर चालू ठेवावा लागतो, आगीच्या पंपात दाब आहे ना हे बघावे लागते. म्हणून बंदर किमान काही खलाशांना उतरू देत नाही. 'रोसस'चा कप्तान आणि तिघे जण असे २०१४च्या उन्हाळ्यापर्यंत जहाजावर अडकून होते. वकील करण्यासाठी जहाजातले इंधन विकावे लागल्याचे कप्तानाने नंतर सांगितले.

जानेवारी २०१७पासून यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे. दोन महिने पगार थकला किंवा खाण्यापिण्याची सोय बंद झाली, तर खलाशी 'सोडून दिलेले' मानले जातात. मग विमाकंपनीने त्यांचे अन्नपाणी, घरी परतण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार द्यायचा असतो. माणसे घरी गेली की देखभालीची माणसे बंदराने नेमायची. बैरूतमध्ये ही देखभाल झाली नाही. माल उतरवून बाजूला नेलेले 'रोसस' फेब्रुवारी २०१८मध्ये बंदराच्या लाटरोधक भिंतीजवळ बुडाले.

माल

अमोनियम नायट्रेट हे खत आहे आणि खाणीतल्या स्फोटकांचा कच्चा मालही. ते स्वतः पेट घेत नाही, दुसऱ्याला जळायला ऑक्सिजन पुरवते. साधारण १७० अंशांना ते वितळते, २१० अंशांच्या पुढे झपाट्याने विघटन पावू लागते. त्यात डिझेल, तेल किंवा लाकडाचा भुसा मिसळला आणि कोंडलेल्या जागी उष्णता वाढत गेली, तर त्याचा स्फोट होतो. वाळू टाकून किंवा हवा बंद करून ही आग विझत नाही, कारण ऑक्सिजन त्याच्याच पोटात असतो. दारे सताड उघडून भरपूर पाणी मारणे हाच उपाय.

म्हणून असा माल उतरवताना आधी सर्व्हेयर होल्डमध्ये उतरतो. फाटलेल्या गोण्या वेगळ्या काढायच्या, सांडलेले दाणे झाडून भरायचे, तेल गळणारी फोर्कलिफ्ट आत येऊ द्यायची नाही. गोदाम कोरडे आणि हवेशीर हवे. ज्वलनशील काहीही शेजारी नको, वेल्डिंग तर नकोच. आत काय आणि किती आहे, ते अग्निशमन दलाला लेखी कळवलेले असले पाहिजे.

बैरूतमध्ये ऑक्टोबर २०१४मध्ये एकेक टनाच्या गोण्या १२ क्रमांकाच्या गोदामात गेल्या. त्याच गोदामात फटाक्यांचा साठाही होता. कस्टम्सने २०१७पर्यंत न्यायालयाला वारंवार पत्रे लिहिली. माल परदेशी पाठवा, सैन्याला द्या किंवा स्फोटकांच्या कंपनीला विका, असे त्यांत सुचवले होते. निर्णय आला नाही.

४ ऑगस्ट २०२० रोजी गोदामाला आग लागली. ती विझवायला गेलेल्या तुकडीतले दहाही जण स्फोटात गेले. मृतांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, सुमारे ३ लाख लोक बेघर झाले. स्फोटाचा हादरा दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या सायप्रसमध्ये जाणवला.

मुंबईला हे नवे नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. आग लागली, दोन स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.

शेवटची पायरी: विल्हेवाट

हे काम अशक्य नसते. चेन्नईजवळ मणलीत २०१५मध्ये जप्त केलेले सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट पाच वर्षे पडून होते. बैरूतनंतर काही दिवसांतच ई-लिलावात विकलेला हा माल ट्रकांनी हैदराबादला हलवण्यात आला. पुढे २०२१मध्ये केंद्राने नियम बदलले. बंदरात उतरलेले अमोनियम नायट्रेट बंदराच्या हद्दीपासून किमान ५०० मीटर दूरच्या गोदामात न्यायचे आणि जप्त साठ्याचा लिलाव करायची तरतूद आता आहे. या पदार्थाचे परवाने देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे.

जहाजाचा दावा वर्षानुवर्षे चालला तरी चालेल, धोकादायक मालाची फाइल तशी चालवता येत नाही. म्हणून जहाज अडवल्याच्या दिवशीच तीन गोष्टी लेखी ठरल्या पाहिजेत: माल कोणाच्या ताब्यात, कोणत्या गोदामात आणि कोणत्या तारखेपर्यंत. बैरूतमध्ये पहिल्या दोन ठरल्या होत्या. तिसरी सहा वर्षांत ठरली नाही.