मुलीने सांगितलं, तर आधी ऐकून घ्या



मावळ, मुळशी, खेड भागातल्या आपल्या कितीतरी मुली शिकायला पिंपरी-चिंचवडला जातात. एकट्या ताथवड्यातच इंजिनिअरिंगची, मॅनेजमेंटची बरीच कॉलेजं आहेत. कुणी होस्टेलवर राहते, कुणी मैत्रिणींसोबत खोली घेते, कुणी रोज ये-जा करते. फीसाठी आपल्यातल्या काहींनी गटातून कर्जही काढलंय.

मुलगी निघताना आपण सांगतो, "अंधार पडायच्या आत खोलीवर ये, कुणाशी जास्त बोलू नकोस." पण एक गोष्ट सांगायची राहून जाते : "काही वाईट घडलं तरी तुझं शिक्षण बंद होणार नाही." हे न सांगितल्यामुळे मुली गप्प बसतात. घरी कळलं की कॉलेज सुटेल, लग्न लावून देतील, ही भीती असते. त्रास देणारा नेमका याच भीतीचा फायदा घेतो.

कॉलेजची समिती

राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होत्या, आपल्या सीआरपी ताईंसारख्या गावात फिरून काम करणाऱ्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि 1997 मध्ये 'विशाखा' निकाल आला. पुढे 2013 चा कायदा आणि कॉलेजांसाठी यूजीसीचे 2015 चे नियम झाले. आज कॉलेजातल्या मुलीला जे संरक्षण आहे, त्याची सुरुवात एका खेड्यातल्या बाईपासून झाली.

या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. तिची अध्यक्ष महिला असते, निम्म्या तरी सदस्य महिला असतात आणि बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असते. विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. प्राचार्य समितीत नसतात. नको तिथे हात लावणं, घाणेरडे मेसेज, मार्कांची लालूच किंवा धमकी, या सगळ्याची तक्रार करता येते. होस्टेल, कँटीन, कॉलेजची बस, सहल हेही त्यात येतं.

तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत लेखी द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हायला हवी. मुलीचं नाव गुप्त ठेवावं लागतं. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. म्हणजे घरात "बघू, थांबू" करण्यात जे महिने जातात, ते या मुदतीतूनच जातात.

मोठा अत्याचार झाला असेल तर

समितीची वाट बघू नका. 112 ला फोन करा. घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. सरकारी असो की खाजगी, हॉस्पिटलला लगेच मोफत उपचार द्यावेच लागतात. शक्यतो अंघोळ न करता, कपडे न धुता जावं. ते झालं असेल तरीही जावं, तक्रार तरीही होते. गर्भ राहू नये आणि एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. फोनमधले मेसेज पुसू नका.

अकरावी-बारावीची मुलगी 18 वर्षांखालची असेल तर पॉक्सो कायदा लागतो. मग पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, प्रकरण घरात मिटवता येत नाही.

मनाची जखम

"तू ओरडली का नाहीस?" हा प्रश्न विचारू नका. भीतीने अंग गोठतं, आवाज फुटत नाही. शरीरच तसं वागतं, त्याचा अर्थ होकार नाही. पुढे झोप उडते, वाईट स्वप्नं पडतात, जेवण सुटतं, कॉलेजचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, मार्क घसरतात. आपण म्हणतो, "हिला अभ्यास नको." खरं तर तिला आधार हवा असतो. मन आजारी पडणं म्हणजे वेड लागणं नव्हे. 14416 या टेली-मानस नंबरवर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. महिलांसाठीची मदत 181 वर मिळते. "जगायचं नाही" असं ती बोलली, तर तिला एकटीला सोडू नका आणि लगेच फोन करा.

तिने तोंड उघडलं की एवढंच म्हणा : "बरं झालं सांगितलंस. तुझी चूक नाही. आता काय करायचं ते आपण मिळून ठरवू." तिच्या संमतीशिवाय ही गोष्ट जावेला, शेजारणीला, गटातही सांगू नका.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. ज्यांच्या मुली बाहेर शिकतात त्यांनी समितीच्या सदस्यांची नावं आणि नंबर कॉलेजमधून मागून घ्यावेत. ते जाहीर लावणं कॉलेजचं काम आहे. आणि या रविवारी मुलीचा फोन आला की, जेवलीस का, हे विचारून झाल्यावर, शिक्षण बंद होणार नाही हेही तिला सांगून टाका.