हात धुण्याचा नियम: व्यावसायिकांनी आपले म्हणणे मांडावे

हॉटेल, बेकरी, चहाची टपरी किंवा भजी-समोशाची गाडी चालविणाऱ्या व्यावसायिकांना अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 लागू आहे. त्याखालील 2011 च्या नियमांतील परिशिष्ट 4 सांगते की, अन्न हाताळणाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी, कच्च्या मालाला हात लावल्यावर आणि शौचास जाऊन आल्यावर साबण व स्वच्छ पाण्याने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार केल्यास कलम 56 नुसार 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नियम योग्यच आहे. हगवण, कावीळ, विषमज्वर हे रोग अस्वच्छ हातांवाटेही पसरतात. परंतु तेल्हारा तालुक्याचा बराचसा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात येतो. येथील विहिरी-बोअरच्या खाऱ्या पाण्यात साबणाला नीट फेस येत नाही. गोडे पाणी वान धरणाच्या नळयोजनेचे. ते साठवून ठेवल्याशिवाय गाडीवाल्याचे भागत नाही. ही अडचण दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्यास कोण सांगणार?

सांगण्याची सोय कायद्यातच आहे. अन्नविषयक कायदे तयार करताना व बदलताना खुला विचारविनिमय व्हावा, तो थेट लोकांशी किंवा सर्व स्तरांवरील पंचायतींसह प्रातिनिधिक संस्थांमार्फत व्हावा, असे कलम 18 म्हणते. कलम 92 प्रमाणे नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो. त्यावर दिलेल्या मुदतीत कोणीही हरकती व सूचना पाठवू शकतो.

व्यावसायिकांनी तोंड उघडले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घडले. थेट खाण्याच्या पदार्थांना नुसता हात लावण्यास तेथे जानेवारी 2014 पासून बंदी झाली. हातमोजे घातले की हात धुण्याकडे दुर्लक्ष होते, तोच मोजा सगळीकडे फिरतो, असे आचाऱ्यांनी ठासून सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये ती तरतूद रद्द झाली. हात धुण्याचे बंधन मात्र कायम राहिले.

आमच्या मते येथील व्यावसायिकांनी एकत्र बसून चार ओळींचे निवेदन तयार करावे. बाजाराच्या जागी नगर परिषदेने गोड्या पाण्याचा सामाईक नळ द्यावा. गाडीवर झाकणाची, तोटी असलेली टाकी नियमात स्पष्टपणे मान्य व्हावी. पैसे घेणारा आणि खाद्यपदार्थ देणारा शक्यतो वेगळा असावा, एकटा असल्यास त्याने चिमटा वा डाव वापरावा. हे निवेदन ग्रामपंचायत किंवा नगर परिषदेच्या ठरावासह अन्न व औषध प्रशासनाच्या अकोला कार्यालयाकडे द्यावे आणि मसुदा निघेल तेव्हा प्राधिकरणाकडेही पाठवावे.

तोपर्यंत नियमातून सुटका नाही. साबणाची वडी, तोटीची टाकी आणि स्वच्छ फडके यांचा खर्च फार नाही. हे स्वतः पाळणाऱ्याच्याच सूचनेला वजन येते.